निरोपाचे आयुष्य : मराठी आरोग्यलेखनातील 'अवरोधक' या शब्दाची तपासणी

१

'कांद्यातील क्वेर्सेटिन हे द्रव्य कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या जनुकांना अवरोध करते, असे संशोधनातून सिद्ध झाले आहे.'

हे वाक्य माझे आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या जिल्ह्यातल्या एका छोट्या दिवाळी अंकात कांद्यावर माझा लेख आला होता, त्यात ते छापले गेले. लेखाचे कौतुक झाले. दोघातिघांनी पत्रे पाठवली. एका वाचकाने तर मी डॉक्टर आहे असे समजून औषधाची मात्रा विचारली.

मी डॉक्टर नाही आणि विज्ञानाचा पदवीधरही नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन लासलगावला एका आडतीवर हिशेब लिहिण्यात माझी पंचविसाहून अधिक वर्षे गेली. जीवशास्त्र शिकलो ते नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांतून. पुढे फुकट वाचायला मिळणारे शोधनिबंध शब्दकोश शेजारी ठेवून वाचू लागलो. अशा वाचनात एक धोका असतो. कळले असे वाटते तेव्हा थांबवणारे कोणी नसते.

माझे दाजी निफाड तालुक्यात शेती करतात. त्यांना रक्ताचा कर्करोग आहे, क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या प्रकारचा. रोज एक गोळी घ्यायची आणि ठरावीक काळाने रक्त तपासायचे, असे त्यांचे कित्येक वर्षे चालले होते. गोळीने पाय सुजत, पोटऱ्यांत गोळे येत, पण आजार काबूत होता. एका उन्हाळ्यात त्यांनी गोळी बंद केली आणि क्वेर्सेटिनच्या कॅप्सूल सुरू केल्या. ताईला कळले तेव्हा पाच महिने होऊन गेले होते. मी समजवायला गेलो. दाजींनी माझ्यापुढे एक कात्रण ठेवले. ते माझ्याच लेखाचे होते.

"तुम्हीच लिहिलंय ना हे? डॉक्टर म्हणतात गोळी अवरोधक आहे. तुम्ही लिहिता कांद्यातलं पण अवरोधक आहे. दोन्ही अवरोधकच, तर मग गोळी कशाला?"

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण चूक दाजींच्या तर्कात नव्हती. ती माझ्या वाक्यात होती. हा लेख म्हणजे त्या वाक्याची समीक्षा आहे. कवितेच्या ओळीची करतात तशी, शब्द शब्द सोडवून.

२

आधी मूळ विषय समजून घेतला पाहिजे. पेशीतल्या जनुकातली माहिती थेट प्रथिनात उतरत नाही. जनुकाची एक तात्पुरती नक्कल तयार होते, ती पेशीकेंद्रातून बाहेर येते आणि तिच्यावरून प्रथिन बांधले जाते. या नकलेला एमआरएनए म्हणतात. तिचे अस्तित्व १९६१ मध्ये सिद्ध झाले. मराठीत 'संदेशवाहक आरएनए' असा शब्द आहे. मला 'निरोप' हा शब्द जवळचा वाटतो, कारण निरोप पोहोचला की त्याचे काम संपते आणि तो जपून ठेवायचा नसतो.

आपले लोकप्रिय विज्ञानलेखन इथवर येते आणि थांबते. जनुक 'चालू' झाले की प्रथिन तयार होते, 'बंद' झाले की थांबते, एवढेच वाचकाला सांगितले जाते. विजेच्या बटणाची ही उपमा सोपी आहे, पण ती अर्धीच गोष्ट सांगते. निरोप किती निघाले याला जितके महत्त्व आहे, तितकेच ते किती वेळ टिकले यालाही आहे.

कांद्याच्या व्यापारात उभे आयुष्य गेलेल्या माणसाला हे समजायला जड जाऊ नये. बाजारात आज किती कांदा आहे हे केवळ शेतातून किती निघाला यावर ठरत नाही. खरिपाचा लाल कांदा निघाला की विकावा लागतो, तो टिकत नाही. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत भरला तर दिवाळीच्या आसपासपर्यंत राहतो. पीक तेवढेच असले तरी चाळ चांगली की गळकी, यावर बाजारातला माल ठरतो. पेशीतही असेच आहे. तांबड्या रक्तपेशींसाठी लागणाऱ्या ग्लोबिन प्रथिनाचा निरोप उन्हाळ कांद्यासारखा, दीर्घकाळ टिकणारा. शरीरात दाह पेटवणाऱ्या टीएनएफसारख्या प्रथिनाचा निरोप लाल कांद्यासारखा, थोड्याच वेळात नासणारा. तो लवकर नासतो हे आपले भाग्यच, नाहीतर साध्या जखमेचा दाहही विझला नसता.

हे आयुष्य कशावर ठरते? १९८६ मध्ये ग्रे शॉ आणि रॉबर्ट कामेन यांनी एक साधा, देखणा प्रयोग केला. अल्पायुषी निरोपांच्या शेपटाकडे, जो भाग प्रथिनात उतरतच नाही तिथे, 'ए' आणि 'यू' या अक्षरांची रेलचेल असलेला तुकडा असतो. मानवी निरोपातला असा ५१ अक्षरांचा तुकडा त्यांनी सशाच्या ग्लोबिनच्या टिकाऊ निरोपाला जोडला. टिकाऊ निरोप झपाट्याने नासू लागला. प्रथिनाचा मजकूर तोच राहिला होता. बदलले होते ते फक्त आयुष्य.

या तुकड्यावर येऊन बसणारी प्रथिने पुढे सापडली. ट्रिस्टेट्राप्रोलिन नावाचे प्रथिन बसले की निरोप लवकर मोडीत निघतो. ज्या उंदरांत हे प्रथिन मुळीच नसते ते वाळत जातात आणि त्यांना सांधेदाह होतो, असे १९९६ मध्ये दिसले. याच्या उलट 'हू-आर' नावाचे प्रथिन बसले की निरोप टिकतो. ते एका अर्थी पेशीतली चाळ आहे. त्याच्या नावातले 'हू' हे ज्या रुग्णाच्या रक्तात या कुळातल्या प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडे पहिल्यांदा ओळखली गेली, त्याच्या आडनावाची पहिली दोन अक्षरे आहेत. विज्ञानाच्या परिभाषेत एका आजारी माणसाची आठवण अशी शिल्लक राहिली आहे.

अनेक प्रकारच्या गाठींमध्ये हू-आर पेशीकेंद्राबाहेर प्रमाणाबाहेर आढळते. पेशींची वाढ करणारे, नव्या रक्तवाहिन्या फुटायला लावणारे निरोप ते टिकवून धरते. म्हणून ते निरोपाला चिकटूच नये अशी रसायने शोधण्याचे प्रयत्न सुरू झाले. क्वेर्सेटिन या कथेत येते ते इथे.

३

२००९ मध्ये दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी रसायनांच्या एका संचाची चाळणी केली. हू-आर आणि टीएनएफचा निरोप यांची जोडी कोणते रसायन सोडवते, हे त्यांना पाहायचे होते. हाती लागलेल्या रसायनांत क्वेर्सेटिन होते. शोधनिबंध खरा आहे, मी तो वाचला होता आणि माझे वाक्य त्यावरच उभे होते. आता ते वाक्य त्या निबंधाशेजारी ठेवून पाहू.

पहिला शब्द 'कांद्यातील'. प्रयोगात कांदा नव्हता, शुद्ध क्वेर्सेटिन होते. कांद्यात ते बहुतांश साखरेला जोडलेल्या रूपात असते आणि सर्वांत जास्त असते ते बाहेरच्या पापुद्र्यांत, म्हणजे आपण सोलून उकिरड्यावर टाकतो त्या भागात. १०० ग्रॅम कांद्यात साधारण २० ते ४० मिलिग्रॅम. ते पोटात गेले की आतडे आणि यकृत त्याला इतर रेणू जोडून त्याचे रूप बदलतात. परीक्षानळीत हू-आरला भिडलेले मोकळे क्वेर्सेटिन रक्तात जवळजवळ नसतेच. नळीतला आणि नसेतला रेणू यांचे नाव एक असले तरी ते एक नाहीत.

दुसरा शब्द 'जनुकांना'. क्वेर्सेटिन जनुकाला हात लावत नव्हते. ते एका प्रथिनाची एका निरोपाशी असलेली जोडी सैल करत होते. जनुक, निरोप आणि प्रथिन या तीन वेगळ्या गोष्टी मी एका शब्दात कोंबल्या, कारण 'जनुक' शब्दाला वजन आहे. जनुक म्हटले की वाचकाला मुळावर घाव घातल्यासारखे वाटते.

तिसरा 'कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या'. टीएनएफ हा दाहाचा निरोप आहे. दाह आणि कर्करोग यांचे नाते आहे, पण एकाच्या प्रयोगावरून दुसऱ्याचा निष्कर्ष काढणे म्हणजे एका बाजार समितीचा भाव दुसरीच्या पावतीवर लिहिणे. दाजींच्या आजाराचा तर या प्रयोगाशी सुतराम संबंध नव्हता.

चौथा 'अवरोध करते'. किती मात्रेत, किती वेळ आणि आणखी कशाकशाला? या तिसऱ्या प्रश्नावर क्वेर्सेटिनची बाजू फार पडती आहे. ते बहुतेक प्रत्येक चाचणीत काहीतरी करून दाखवते. पाण्यात त्याचे सूक्ष्म गोळे होतात आणि त्या गोळ्यांना प्रथिने चिकटून निकामी होतात. चाचणीत ते यशासारखे दिसते. २०१० मध्ये ऑस्ट्रेलियातील जोनाथन बेल आणि जॉर्जिना हॉलोवे यांनी अशा फसव्या रसायनांच्या रचनांची यादीच प्रसिद्ध केली. क्वेर्सेटिनच्या रेणूतला एक भाग त्या यादीतल्या कुळात बसतो. सगळ्यांना 'हो' म्हणणाऱ्या साक्षीदाराची साक्ष न्यायालय धरत नाही, तसेच हे.

पाचवा 'सिद्ध झाले आहे'. मराठी आरोग्यलेखनातला सर्वांत धोकादायक शब्दप्रयोग हा. या वाक्याला कर्ता नाही. कोणी सिद्ध केले, कशावर केले, कोणी पुन्हा करून पाहिले, यातले काही त्यात येत नाही. नळीतला प्रयोग, उंदराच्या पेशी, जिवंत उंदीर, निरोगी माणसे, रुग्ण, आणि अखेरीस अर्ध्यांना औषध व अर्ध्यांना बिनऔषधी गोळी देऊन केलेली चाचणी, अशा या पायऱ्या आहेत. बहुतेक रसायने मधल्याच कुठल्यातरी पायरीवर गळून पडतात. आपला कर्मणी प्रयोग पहिल्या पायरीवरच्या माणसाला शेवटच्या पायरीवर उभा करतो.

आणखी एक गोष्ट मी तेव्हा लिहिली नाही, कारण वाचलीच नव्हती. त्याच २००९ मध्ये प्रौढ उंदरांतले हू-आर पूर्णपणे काढून टाकण्याचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांच्या अस्थिमज्जेतल्या आणि आतड्यातल्या नव्या पेशी घडवणाऱ्या पेशी मरू लागल्या आणि उंदीर दगावले. हू-आर गाठीला लागते तसे निरोगी शरीरालाही लागते. कांद्याने शरीरभर हू-आरला खरोखरच अवरोध केला असता, तर लासलगाव-निफाडकडची आम्ही माणसे केव्हाच संपलो असतो. कांदा निरुपद्रवी आहे, याचा अर्थच माझे वाक्य खोटे आहे.

४

हा दोष माझ्या एकट्याचा असता तर लेखाचे प्रयोजन नव्हते. 'लठ्ठपणाचे जनुक' हा शब्दप्रयोग घ्या, तो मराठी वृत्तपत्रांत अजून वावरतो. २००७ मध्ये युरोपीय लोकांच्या अभ्यासात एफटीओ या जनुकातल्या काही फरकांचा वजनाशी संबंध दिसला, तेव्हापासून हे नाव पडले.

२००९ मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी भारतीयांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. एफटीओमधल्या याच फरकांचा आपल्याकडे मधुमेहाशी ठळक संबंध होता आणि वजनाचा हिशेब बाजूला काढल्यावरही तो पूर्णपणे पुसला जात नव्हता. आपल्याच राज्यात झालेले हे काम 'लठ्ठपणाचे जनुक' या नावालाच प्रश्न विचारणारे होते. मराठीत नाव मात्र तेच राहिले.

पुढे गुंता वाढला. २०११ मध्ये शिकागोच्या चुआन ही यांच्या गटाने दाखवले की एफटीओचे प्रथिन निरोपांवरची एक रासायनिक खूण पुसते. या खुणेला एम-सिक्स-ए म्हणतात. ती असली की बरेच निरोप लवकर मोडीत निघतात. म्हणजे पुन्हा गोष्ट निरोपाच्या आयुष्याचीच. मग २०१४ मध्ये असे दिसले की एफटीओमधला तो फरक वजनावर परिणाम करतो तो बऱ्याच अंशी दूरच्या आयआरएक्स-३ या दुसऱ्याच जनुकामार्फत. घर एकाचे, कुलूप दुसऱ्याच्या दाराचे. 'लठ्ठपणाचे जनुक' हे नाव आता दोन्हीकडून चुकीचे ठरले आहे.

दरम्यान २०१२ मध्ये एफटीओला अडवणारे पहिले नैसर्गिक रसायन म्हणून ऱ्हाइनचे नाव पुढे आले. हे द्रव्य सोनामुखीत, रेवाचिनीत आणि बहाव्याच्या शेंगेत असते. आता मधल्या पायऱ्या गाळून वाक्य तयार करून पाहा : 'बहाव्याच्या शेंगेतील द्रव्य लठ्ठपणाच्या जनुकाला अवरोध करते, असे सिद्ध झाले आहे.' या वाक्यातला प्रत्येक शब्द कुठल्या ना कुठल्या निबंधात दाखवता येईल आणि पूर्ण वाक्य तरीही असत्य आहे. बहाव्याची शेंग आपल्या आज्या पोट साफ व्हायला देत, तेवढे काम ती करते. असे वाक्य एखाद्या डबीवर छापले गेले तर ते विकत घेणारा माणूस मूर्ख नसेल. त्याने फक्त मराठी वाचलेले असेल.

हळदीचेही असेच झाले. हळदीने जखमा भरण्याच्या उपयोगावर अमेरिकेत १९९५ मध्ये दिलेले पेटंट १९९७ मध्ये रद्द झाले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने ती लढाई जिंकली, याचा अभिमान योग्यच आहे. पण ते पेटंट रद्द झाले कारण तो उपयोग भारतात आधीपासून माहीत होता. हळद कशावर गुणकारी आहे, हा प्रश्न तिथे निकालासाठी नव्हताच. आपण मात्र तो निकाल हळदीच्या औषधी गुणांवरचा शिक्का म्हणून वाचला. हळदीतल्या कुर्क्युमिनवर शंभराहून अधिक चाचण्या होऊनही निर्विवाद यश हाती आलेले नाही, असा आढावा २०१७ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातल्या रसायनशास्त्रज्ञांनी घेतला. तो मराठीत कितीजणांपर्यंत पोहोचला?

द्राक्षाचे उदाहरण तर नाशिककरांच्या दारातले. द्राक्षाच्या सालीतले रेस्वेराट्रॉल निरोप मोडीत काढणाऱ्या एका प्रथिनाला हाताशी धरून दाहाचे निरोप कमी करते, असे २०१४ मध्ये पेशींच्या प्रयोगात दिसले. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरच्या संशोधकांच्या रेस्वेराट्रॉल आणि तांबे यांच्या मिश्रणाची बातमी आली. तिची कल्पना वेगळी आहे, मरणाऱ्या पेशींतून बाहेर पडणारे गुणसूत्रांचे तुकडे नष्ट करण्याची. संशोधक वर्षानुवर्षे त्यावर काम करत आहेत. पण बातमीचा मथळा झाला तो 'शंभर रुपयांत कर्करोगावर गोळी' अशा थाटाचा. मोठ्या चाचण्या बाकी आहेत हे खाली, बारीक अक्षरांत. आठवडाभरात आमच्याकडे मनुकांच्या ढिगाशेजारी उभा राहून एकजण मला ती बातमी वाचून दाखवत होता.

५

आता दाजींच्या गोळीकडे येऊ, कारण 'अवरोधक' हा शब्द कुठे खरा ठरतो तेही सांगितले पाहिजे.

त्यांच्या आजारात ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे आपापसात बदलतात. तोकडे झालेले गुणसूत्र १९६० मध्ये फिलाडेल्फियात दिसले आणि ती अदलाबदल आहे हे १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी ओळखले. त्यातून बीसीआर-एबीएल नावाचे जोडजनुक बनते. त्याचे प्रथिन पांढऱ्या पेशींना सतत वाढीचा हुकूम देत राहते. इमॅटिनिब हा रेणू या प्रथिनाच्या एका ठरावीक खोबणीत बसतो आणि तिथे बसायला येणाऱ्या ऊर्जेच्या रेणूला जागाच ठेवत नाही. तो इतर काही प्रथिनांनाही अडवतो, म्हणूनच पायाची सूज येते. पण ती कोणती प्रथिने, किती मात्रेत, हे मोजलेले आहे. गोळी गिळल्यावर रक्तात किती औषध राहते तेही मोजलेले आहे. २००१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळण्याआधी आणि नंतर हजारो रुग्णांवर ते तपासले गेले. आपल्याकडे त्याची किंमत गरिबाच्या आवाक्यात राहिली त्यामागे १ एप्रिल २०१३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकालही आहे. नोव्हार्टिस कंपनीचा पेटंटचा दावा न्यायालयाने त्या दिवशी फेटाळला.

निरोपाच्या क्षेत्रातही अशी शिस्तीची वाट दिसू लागली आहे. एम-सिक्स-ए ही खूण लिहिणाऱ्या मेटल-३ या प्रथिनाला अडवणारा एक रेणू केंब्रिजमध्ये घडवला गेला. त्याने उंदरांतला एका प्रकारचा रक्तकर्करोग रोखला, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रथिनाच्या खोबणीत तो कसा बसतो याचे चित्र त्यांच्याकडे होते आणि तो त्याच्यासारख्या इतर प्रथिनांना छेडत नाही, हे त्यांनी तपासले होते. त्याच घराण्यातल्या दुसऱ्या रेणूच्या माणसांवरच्या चाचण्या २०२२ मध्ये सुरू झाल्या. एवढे होऊनही तो रेणू बनवणारे त्याला औषध म्हणत नाहीत, चाचणीतला रेणू म्हणतात. शब्दाची ही कंजुषी आपण शिकण्यासारखी आहे.

दाजींच्या प्रश्नाचे उत्तर असे : इमॅटिनिबला 'अवरोधक' म्हणताना त्या शब्दामागे कशाला, किती, कुठे आणि कोणात, ही चारही उत्तरे उभी असतात. क्वेर्सेटिनला मी 'अवरोधक' म्हटले तेव्हा त्या शब्दामागे काहीच नव्हते. शब्द एकच असला तरी एक नाणे होते आणि दुसरा नुसता ठसा.

६

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की सामान्य वाचकाला इतका तपशील झेपत नाही. हा आक्षेप मला पटत नाही. कांद्याचा भाव का पडला हे विचारा, पारावरचा माणूस आवक, निर्यातशुल्क, चाळीतली सड आणि दक्षिणेतला पाऊस असे चार धागे एका दमात उलगडतो. गुंता त्याला झेपतो. त्याच्यापुढे तो ठेवला जात नाही, एवढेच.

दुसरा आक्षेप मराठीत शब्द नाहीत हा. शब्द आहेत, त्यांचे काम नेमून दिलेले नाही. नळीत जोडी सोडवणाऱ्या रसायनाला 'सोडवते' म्हणावे. पेशीत प्रथिनाचे काम मंदावले तर 'मंदावते' म्हणावे. 'अवरोधक' हा शब्द ज्याचे लक्ष्य आणि मात्रा ठाऊक आहे त्याच्यासाठी राखून ठेवावा आणि 'औषध' हा शब्द रुग्णांवरच्या चाचणीनंतरच वापरावा. 'सिद्ध झाले' ऐवजी 'अमक्यांनी अमक्या साली उंदराच्या पेशींत पाहिले' असे कर्तरी वाक्य लिहावे. ते लांबते, पण त्यात खोटे लपायला जागा राहत नाही.

डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकला ९४ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. अध्यक्ष होते जयंत नारळीकर. प्रकृतीमुळे ते येऊ शकले नाहीत, पण एका विज्ञानलेखकाला मराठी साहित्याने मान दिला, याचा आनंद मंडपात होता. करोनाची साथ अजून सरली नव्हती आणि एमआरएनए हा शब्द घरोघरी पोहोचला होता. पुढच्याच वर्षी, जून २०२२ मध्ये, पुण्याच्या जिनोव्हा कंपनीच्या एमआरएनए लशीला परवानगी मिळाली. परदेशी लस उणे ७० अंशांच्या आसपास ठेवावी लागे, ही मात्र साध्या फ्रीजच्या २ ते ८ अंशांत टिकत होती. निरोप नासतो आणि तो टिकवणे हीच खरी कसोटी आहे, हे मराठी वाचकाला समजावून सांगण्याची ती उत्तम संधी होती. आपण लशीच्या किमतीवर आणि प्रमाणपत्रावर लिहिले.

साहित्याच्या मासिकांनीही यात स्वतःला वगळू नये. कवितेतल्या एका विशेषणावरून आपण चार पाने वाद घालतो, पण त्याच अंकातल्या आरोग्यलेखातले 'सिद्ध झाले आहे' कोणी अडवत नाही. ते विज्ञान आहे, आपला प्रांत नाही, असे आपण मानतो. पण ते वाक्य मराठीत आहे. वाक्य खरे आहे की फुगवलेले, हे पाहणे समीक्षेचेच काम आहे.

७

दाजींचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. दाजींच्या आजाराची तपासणी म्हणजे बीसीआर-एबीएलचे निरोपच मोजणे असते. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त काढतात, बर्फाच्या पाकिटात ठेवतात आणि मुंबईला पाठवतात. ते वेळेत पोहोचावे लागते, कारण वाटेतच निरोप नासायला लागतात. त्या वेळी नळी घेऊन नाशिकपर्यंत मी स्वतः गेलो. ज्या विषयावर मी इतके बेफिकीर वाक्य लिहिले होते, तो विषय माझ्या मांडीवरच्या डब्यात होता.

गोळी बंद करण्याआधी त्यांचा आकडा ०.०४ टक्के होता. ०.१ च्या खाली असला की डॉक्टर समाधानी असतात. पाच महिन्यांच्या क्वेर्सेटिननंतर तो ३.६ टक्के आला. डॉक्टरांनी रागावण्यात वेळ घालवला नाही. गोळी त्याच दिवशी सुरू झाली. आकडा पुन्हा ०.१ च्या खाली यायला जवळपास वर्ष लागले. तो आला. सगळ्यांचा येतोच असे नाही.

कॅप्सूलची डबी ताईने मला दिली. तिच्यावर पानाफुलांचे चित्र होते आणि मराठीत जनुकांविषयी दोन ओळी. अगदी तळाशी, बारीक इंग्रजी अक्षरांत, हे औषध म्हणून वापरण्यासाठी नाही, असे छापलेले होते. कायद्याने सांगायला लावलेले खरे इंग्रजीत आणि विकणारे खोटे मराठीत. त्या दोन ओळींची भाषा मला ओळखीची वाटली. तीच वाक्यरचना, तोच कर्ता नसलेला प्रयोग. ती ओळ मी लिहिलेली नव्हती, पण लिहिली असती.

दाजी अजून कात्रणे ठेवतात. या लेखाचेही ठेवतील. म्हणून यातले प्रत्येक वाक्य मी त्यांना आधी वाचून दाखवले. एका ठिकाणी त्यांनी थांबवले आणि विचारले, "हे कोणी पाहिलं? माणसात का उंदरात?" ते वाक्य मी काढून टाकले.